क्वांटिक ड्रीम : पात्र मेल्यावरही कथा पुढे नेण्याचा हट्ट

मार्कंडेय, बेळगाव

डेव्हिड केज यांनी १९९७ मध्ये पॅरिसला क्वांटिक ड्रीम हा गेम स्टुडिओ काढला. त्याआधी त्यांचा व्यवसाय संगीताचा होता. ‘सिनेमासारखे गेम करणारा स्टुडिओ’ ही या मंडळींची जगभर रूढ झालेली ओळख मला अपुरी वाटते, म्हणून हा धागा काढत आहे.

बहुतेक गेममध्ये नायक मेला की पडदा काळा होतो आणि आपण मागच्या सेव्हपासून, म्हणजे खेळ साठवून ठेवलेल्या जागेपासून, पुन्हा सुरुवात करतो, म्हणजे ते मरण कथेत घडलेलेच नसते. क्वांटिक ड्रीमने पहिल्या गेमपासून या सोयीला विरोध केला. १९९९ च्या ‘ओमिक्रॉन : द नोमॅड सोल’मध्ये खेळणारा हा एक भटका आत्मा आहे, ज्या देहात तो आहे तो देह पडला, की आत्मा दुसऱ्याच्या देहात शिरतो आणि खेळ चालू राहतो. २०१० च्या ‘हेवी रेन’मध्ये आपण आळीपाळीने चार माणसे चालवतो. त्यांपैकी कोणी मेले तर ते मेलेच. उरलेल्यांना घेऊन कथा पुढे सरकते आणि शेवट त्या उणिवेसह होतो. २०१८ च्या ‘डेट्रॉइट : बिकम ह्यूमन’मध्ये कॉनर हा यंत्रमानव पोलीस मेला की त्याच रूपाचा नवा कॉनर कामावर हजर होतो, पण ज्या सहकाऱ्याने त्याचा मृत्यू पाहिला, तो त्याच्याकडे पूर्वीच्या नजरेने पाहत नाही.

चित्रे देखणी आहेत, अभिनय उत्तम आहे, कॅमेरा सिनेमाचा आहे, हे सर्व खरे. तरीही या स्टुडिओचा गाभा मला एवढाच दिसतो, की खेळणाऱ्याच्या हातून जे घडले ते पुसू द्यायचे नाही. हा हट्ट गेमला उपकारक ठरला की मारक, याविषयी सदस्यांचे मत हवे आहे. आपल्या भागातील कोणी थोड्या साधनांत कथेचा गेम करू म्हणत असेल, तर त्याने या इतिहासातून काय घ्यावे, हेही कोणी लिहिले तर आनंद होईल.

राकसकोप

विषय फार चांगला काढला आहे. सर्वांना एकच विनंती, की ‘हेवी रेन’मधला खुनी कोण हे येथे लिहू नये, कारण माझा धाकटा भाऊ सध्या तो गेम खेळत आहे आणि हा धागाही वाचतो.

नेपथ्यकार, शहापूर

मार्कंडेय यांच्याशी मी बराचसा सहमत आहे, पण हौशी रंगभूमीवर पडद्यामागे अनेक वर्षे काम केलेला माणूस म्हणून मला हा स्टुडिओ सिनेमापेक्षा नाटकाच्या जवळचा वाटतो. ‘हेवी रेन’मध्ये नटांच्या शरीराच्या हालचाली वेगळ्या टिपल्या आणि चेहरा व आवाज वेगळा. २०१३ च्या ‘बियॉन्ड : टू सोल्स’पासून शरीर, चेहरा आणि आवाज हे सर्व एकाच वेळी टिपू लागले. अंगभर खुणांचे ठिपके लावलेले नट रिकाम्या दालनात उभे राहतात; भिंत नाही, दार नाही, पोशाख नाही, आणि तरीही पावसात भिजल्याचा अभिनय करायचा असतो. एलियट पेज आणि विलेम डफो हे सिनेमाचे नट असूनही त्यांना येथे तालमीच्या खोलीतल्या नटासारखे उभे राहावे लागले. नेपथ्य डोळ्यांसमोर उभे करण्याची ही ताकद नटाला रंगभूमी शिकवते.

दुसरा मुद्दा प्रेक्षकाच्या अधिकाराचा. अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा, हे येथील सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी रुजवलेल्या संगीत नाटकात प्रेक्षक ‘वन्स मोअर’ देत असे आणि नट तेच पद पुन्हा गात असे. प्रयोग किती वेळ चालणार, कोणते पद किती वेळा होणार, यावर प्रेक्षकाचा हात होता. मात्र नायिकेचे काय होणार यावर नव्हता. या पॅरिसच्या मंडळींनी तो उरलेला अधिकारही प्रेक्षकाच्या हाती दिला, आणि त्यासोबत जबाबदारीही दिली. त्यामुळे ‘सिनेमासारखा’ हा शब्द मलाही अपुरा वाटतो.

घटप्रभा, हुक्केरी तालुका

वरच्या दोन्ही प्रतिसादांत कौतुक जास्त आणि तपासणी कमी आहे, म्हणून विरुद्ध बाजू मांडतो.

मार्कंडेय यांनी २००५ चा ‘फॅरेनहाइट’ वगळून ओमिक्रॉनवरून थेट ‘हेवी रेन’वर उडी घेतली आहे. उत्तर अमेरिकेत हा गेम ‘इंडिगो प्रॉफेसी’ या नावाने निघाला. त्यात पात्राच्या मनःस्थितीची एक पट्टी आहे. ती पट्टी शून्यावर आली की खेळ संपतो आणि मागे जावे लागते. म्हणजे ‘पुसू द्यायचे नाही’ हे तत्त्व तेथे पाळलेले नाही. ‘बियॉन्ड’मध्ये तर जोडी ही नायिका जवळजवळ शेवटपर्यंत मरूच शकत नाही, बटण चुकले तरी प्रसंग दुसऱ्या वाटेने त्याच ठिकाणी पोहोचतो. मग चुकण्याला अर्थ काय राहिला?

पडद्यावर खूण दिसली की ठरलेल्या वेळात बटण दाबायचे, ही त्यांची मुख्य पद्धतही त्यांनी शोधलेली नाही. १९८३ च्या ‘ड्रॅगन्स लेअर’ या लेझरडिस्कवरच्या गेममध्ये चित्रपट चालू असताना योग्य क्षणी दांडी हलवावी लागे. जपानच्या यु सुझुकी यांनी १९९९ च्या ‘शेनम्यू’मध्ये तीच पद्धत नव्याने मांडली आणि ‘क्विक टाइम इव्हेंट’ हे नाव रूढ झाले. बुद्धिबळात मी माझा डाव स्वतः रचतो. येथे मात्र लेखकाने आखलेल्या चार वाटांपैकी एक निवडायची आणि त्यालाच स्वातंत्र्य म्हणायचे, हे मला पटत नाही. कथेच्या दृष्टीनेही ‘फॅरेनहाइट’चा पूर्वार्ध जेवढा घट्ट आहे, तेवढाच उत्तरार्ध अलौकिक शक्ती आणि मारामाऱ्यांत सैल होतो.

खानापूरकर

घटप्रभा यांनी ‘फॅरेनहाइट’चा विषय काढलाच आहे, तर त्याच्या पहिल्या प्रसंगावर थोडे लिहितो, कारण तो प्रसंग मला सर्व पाच गेममध्ये सर्वश्रेष्ठ वाटतो. न्यूयॉर्कमधल्या एका खानावळीच्या प्रसाधनगृहात लुकस केन हा तरुण स्वतःच्या ताब्यात नसताना एका अनोळखी माणसाचा खून करतो आणि शुद्धीवर येतो. तेथून पुढे तो आपल्या हातात येतो. प्रेत लपवायचे का, फरशी पुसायची का, हात धुवायचे का, टेबलावर परत बसून बिल चुकते करायचे का, की मागच्या दाराने पळायचे, हे सर्व आपण ठरवायचे, आणि बाहेर बसलेला पोलीस कोणत्याही क्षणी उठून आत येऊ शकतो. त्यानंतर लगेच कार्ला आणि टायलर हे दोन तपास अधिकारी आपल्याच हातात येतात आणि आपणच लपवलेला पुरावा आपणच शोधू लागतो. गुन्हेगार आणि पोलीस या दोघांचेही भले व्हावे असे एकाच मनाला वाटू लागते. बुद्धिबळात हा अनुभव कधीच येणार नाही, असे मी घटप्रभा यांना आदराने सांगतो.

‘हेवी रेन’ मी टिळकवाडीतल्या एका गेम पार्लरमध्ये तासाच्या हिशेबाने खेळलो. हा गेम आपोआप सेव्ह होतो आणि पार्लरमध्ये एकच सेव्ह सर्वांची असते. एका शनिवारी मी ज्या ठिकाणी कथा सोडली होती, तेथून कोणीतरी पुढे खेळले होते, आणि मी परत गेलो तेव्हा नॉर्मन जेडन हा माझा आवडता अधिकारी मेलेला होता. मालक नव्याने सुरुवात करून देण्यास तयार होते, पण मी तीच कथा पुढे नेली. ज्याने ते केले तो मुलगा पुढे माझा चांगला मित्र झाला आणि तो प्रसंग कसा घडला हे त्याने मला सविस्तर सांगितले. दुसऱ्याच्या निर्णयाचे ओझे घेऊन पुढे जाण्याचा अनुभव मला कोणत्याही सिनेमाने दिलेला नाही.

राकसकोप

खानापूरकर, आमच्या घरी याच्या उलट प्रकार होतो. भावाचे दोन मित्र कन्नड बोलणारे आणि दोन मराठी, नियंत्रक एकाच्या हातात आणि निर्णय पाचांचा. उत्तर निवडण्याची मुदत काही सेकंदांची असल्यामुळे ‘बेड, बेड’ (कन्नडमध्ये ‘नको, नको’) आणि ‘थांब, थांब’ एकाच वेळी ऐकू येते आणि हातात नियंत्रक असलेला मुलगा शेवटी स्वतःच्याच मनाचे करतो.

मलप्रभा, खानापूर तालुका

मी मराठी शाळेत शिक्षिका आहे आणि ‘डेट्रॉइट’ माझ्या भाच्यासोबत संपूर्ण पाहिला आहे. तंत्राबद्दल जाणकारांनी लिहावे. मला आशयाविषयी बोलायचे आहे.

कारा ही घरकामाची यंत्रमानव स्त्री. घरमालक टॉड मुलीला मारायला वर जातो आणि काराला जागेवरून हलू नको असा हुकूम देतो. हुकूम मोडायचा असेल तर पडद्यावर उभी राहिलेली लाल भिंत बटणे दाबून फोडावी लागते. खेळणारा नुसता बसून राहिला तर ती मुलगी, ॲलिस, मरते आणि काराची कथा तेथेच संपते. उरलेला गेम कॉनर आणि मार्कस या इतर दोन नायकांना घेऊन पुढे जातो. २०१७ मध्ये पॅरिसच्या गेम प्रदर्शनात हा प्रसंग दाखवला गेला तेव्हा लहान मुलावरच्या हिंसेचा खेळ केला म्हणून त्यावर मोठी टीका झाली. मी त्या टीकेशी सहमत नाही. शेजारच्या घरातला आरडाओरडा ऐकूनही दार न ठोठावणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि काहीही न करणे हाही निर्णय असतो हे त्या प्रसंगाने माझ्या भाच्याला समजले.

माझा आक्षेप वेगळा आहे. त्याच गेममध्ये यंत्रमानवांना बसच्या मागच्या कप्प्यात उभे केले आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी ज्या अपमानाविरुद्ध अनेक वर्षे लढा दिला, त्याची चित्रे जशीच्या तशी उचलली आहेत, पण त्या लढ्यातील माणसे, त्यांच्या संघटना, त्यांची आपापसांतली भांडणे यांचा गेममध्ये मागमूस नाही. मार्कस या यंत्रमानवांच्या नेत्याने शांततेने जायचे की शस्त्र उचलायचे, एवढाच प्रश्न उरतो. एखाद्या चळवळीत प्रत्यक्ष वावरलेल्या माणसाने हे असे लिहिले नसते. सीमाभागात वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे विशेष जाणवते, कारण आपण चळवळ घरातच पाहिली आहे, आणि तिच्यात दोनच पर्याय कधीच नसतात.

निपाणी ते पुणे

मलप्रभाताईंच्या शेवटच्या वाक्याला व्यवसायाच्या बाजूने दुजोरा देतो. मी पुण्यात गेम प्रोग्रामर आहे. कथेत दोनच पर्याय का उरतात, याचे उत्तर बहुतेक वेळा पैशात सापडते. प्रत्येक फाट्यासाठी संवाद लिहावे लागतात, नट बोलवावे लागतात, हालचाली टिपाव्या लागतात, प्रकाश आणि कॅमेरा लावावा लागतो, आणि खेळणाऱ्यांपैकी मोठा भाग तो फाटा कधी पाहतच नाही. तीन निर्णयांवर प्रत्येकी दोन वाटा धरल्या तरी आठ शेवट होतात, दहा निर्णयांवर एक हजार चोवीस. एवढे चित्रण कोणालाही परवडणार नाही. म्हणून सर्वच स्टुडिओ फाटे पुन्हा एका ठिकाणी आणून मिळवतात आणि मधल्या प्रवासात काय घडले याची नोंद मागे ठेवतात.

क्वांटिक ड्रीमला हे इतरांपेक्षा जास्त जमले, कारण ‘हेवी रेन’पासून ‘डेट्रॉइट’पर्यंतच्या तिन्ही गेममागे सोनीचा पैसा होता आणि हे गेम प्लेस्टेशनवरच निघत होते. ‘डेट्रॉइट’मध्ये प्रत्येक प्रकरणानंतर सर्व वाटांचा नकाशा दाखवतात, न घेतलेल्या वाटा कुलूपबंद दिसतात आणि जगातल्या किती टक्के लोकांनी कोणती वाट घेतली हेही कळते. काहींना त्यामुळे रसभंग होतो, पण न दिसणारे श्रम खेळणाऱ्याला दाखवण्याचा हा मला फार प्रामाणिक मार्ग वाटतो.

याच्या उलट उदाहरण कॅलिफोर्नियाच्या टेलटेल गेम्सचे आहे. लुकासआर्ट्स या गेम कंपनीतून बाहेर पडलेल्या लोकांनी २००४ मध्ये तो स्टुडिओ काढला. २०१२ च्या ‘द वॉकिंग डेड’ने त्यांना मोठे यश दिले, आणि मग त्याच साच्यातून एकामागून एक मालिका काढण्याची घाई झाली. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये सुमारे २५० लोकांना एकदम काढून टाकावे लागले. त्यांचे फाटे स्वस्त होते, चित्रे साधी होती, तरीही त्या घाईनेच त्यांना मारले. क्वांटिक ड्रीमने दोन मोठ्या गेममध्ये तीन ते सहा वर्षांचे अंतर ठेवले, म्हणून ते टिकले, असे माझे मत आहे.

सोनीबरोबरचा काळ संपल्यावर २०१९ मध्ये चीनच्या नेटईझ या गेम कंपनीने स्टुडिओत अल्प हिस्सा घेतला, त्याच वर्षी तिन्ही गेम पीसीवर आले, २०२० मध्ये स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात आले आणि २०२२ मध्ये नेटईझने पूर्ण स्टुडिओच विकत घेतला. आपल्याकडच्या बहुतेकांना हे गेम खेळायला मिळाले ते पीसीवर आल्यामुळे. ‘स्टार वॉर्स एक्लिप्स’ हा त्यांचा गेम २०२१ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झाला.

एक गोष्ट या इतिहासातून वगळणे योग्य होणार नाही. २०१८ च्या जानेवारीत ‘ल मोंद’, ‘मेदियापार’ आणि ‘कानार पीसी’ या फ्रेंच प्रकाशनांनी स्टुडिओतील कामाच्या वातावरणाबद्दल गंभीर आरोप छापले. स्टुडिओने ते नाकारले आणि प्रकरण न्यायालयात गेले. मी स्वतः अशा ठिकाणी काम केले आहे जेथे गेम वेळेवर काढण्यासाठी माणसे झिजवली जात. त्यामुळे कोणत्याही स्टुडिओचा इतिहास केवळ त्याच्या गेमवरून लिहू नये, असे मला मनापासून वाटते.

संकेश्वरचा पेटीवाला

कोणीच संगीताचा विषय काढला नाही याचे आश्चर्य वाटले. केज स्वतः संगीतकार असल्याने प्रत्येक गेममध्ये त्यांनी संगीताला मानाचे स्थान दिले आहे. ‘ओमिक्रॉन’साठी डेव्हिड बोवी आणि रीव्ह्ज गॅब्रेल्स यांनी संगीत केले आणि बोवी त्या गेममध्ये पात्र म्हणूनही दिसतात. ‘फॅरेनहाइट’चे संगीत अँजेलो बादालामेंती यांचे. ‘हेवी रेन’चे नॉर्मन कॉरबेल यांचे, या गेमला २०११ मध्ये जे तीन बाफ्टा हे ब्रिटिश पुरस्कार मिळाले, त्यांत कथा आणि तंत्रासोबत संगीताचाही पुरस्कार होता. ‘बियॉन्ड’चे काम चालू असताना कॉरबेल वारले आणि ते लॉर्न बाल्फ यांनी पूर्ण केले.

‘डेट्रॉइट’मध्ये तीन नायकांना तीन वेगळे संगीतकार दिले आहेत. काराचे संगीत फिलिप शेपर्ड या चेलोवादकाचे आहे. डोळे मिटून ऐकले तरी कोणाचे प्रकरण चालू आहे हे कळते. भजनी मंडळात पेटीची साथ करताना प्रत्येक गवयाची पट्टी ओळखून वाजवावे लागते, त्यामुळे या कामाची किंमत मला ठाऊक आहे.

मार्कंडेय, बेळगाव

घटप्रभा यांच्या आक्षेपाला उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. ‘फॅरेनहाइट’मधली पट्टी शून्यावर आली की कथेचा निवेदक लुकसच आपली गोष्ट कशी संपली हे सांगतो. तो शेवट दुःखद आणि अकाली आहे, पण तो सांगितला जातो, नुसता पडदा काळा होत नाही. मला त्यात पुढच्या गेमची तयारी दिसते.

स्वातंत्र्याबद्दल मात्र माझे उत्तर वेगळे आहे. ‘हेवी रेन’मध्ये स्कॉट शेल्बी हा वयस्क खासगी गुप्तहेर एका परक्या बाईच्या तान्ह्या बाळाला दूध पाजतो आणि झोपवतो. नियंत्रकाची दांडी अगदी सावकाश हलवावी लागते. घाई केली तर बाळ रडू लागते. जेथे शरीराला ताण आहे, तेथे चार बटणे एकाच वेळी धरून ठेवावी लागतात आणि आपली बोटे खरोखर अवघडतात. पात्र घाबरले असेल तर त्याच्या डोक्याभोवती फिरणारे विचारांचे शब्द थरथरतात, नीट वाचता येत नाहीत, आणि तरीही निवडावे लागते. यात डाव रचण्याचे स्वातंत्र्य नाही हे मान्य आहे. येथे स्वतःच्या हाताने दुसऱ्याचे शरीर समजून घेणे आहे, आणि त्याचे मोल मला डावपेचापेक्षा कमी वाटत नाही.

घटप्रभा, हुक्केरी तालुका

बाळाच्या प्रसंगाबद्दल तुमचे म्हणणे मान्य आहे. ‘बियॉन्ड’बद्दलचे माझे मत मात्र कायम आहे. २०१५ मध्ये प्लेस्टेशन ४ वर काढताना त्यांना प्रसंग कालानुक्रमे खेळण्याची सोय द्यावी लागली, यावरूनच मूळ मांडणी अनेकांना झेपली नव्हती हे दिसते.

मलप्रभा, खानापूर तालुका

मार्कंडेय यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळले नाही, म्हणून लिहिते. मी सातवीच्या मुलांना गट करून फाट्यांची कथा लिहायला दिली. पावसाळ्यात नदीला पूर आला आहे, पलीकडच्या वाडीत आजी आजारी आहे, आणि होडीवाला नाही म्हणतो आहे, इथपर्यंत मी दिले. बहुतेक गटांनी आधी एक शहाणा आणि एक मूर्ख पर्याय लिहिला. मूर्ख पर्याय निवडला की मुलगा बुडतो आणि कथा संपते. मग मी सांगितले, की मुलगा बुडाला तरी तुमची कथा संपणार नाही, पुढचे पान त्याच्या बहिणीचे लिहा. त्यानंतर वर्गात जी शांतता पसरली आणि जे लिहिले गेले, ते आजवरच्या कोणत्याही निबंधात मला मिळाले नव्हते. एका गटात होडीवाल्याची बाजू लिहिली गेली. तो नाही का म्हणाला, हे मुलांना आपणहून सुचले. आता या वह्यांतून संगणकावर चालणारे काही करता येईल का, एवढे कोणी सांगावे.

निपाणी ते पुणे

ताई, नक्की करता येईल, आणि त्यासाठी एकही चेहरा हलता दाखवण्याची गरज नाही. ट्वाइन हे साधन फुकट आहे, २००९ पासून उपलब्ध आहे, ब्राउझरमध्ये चालते आणि त्यात मराठी लिहिता येते. प्रत्येक पानासाठी एक चौकट आणि चौकटींना जोडणारे बाण, एवढेच दिसते. ‘डेट्रॉइट’चा नकाशा पाहिलेल्या मुलांना ते लगेच समजेल. पुढे मजकूर वाढला तर केंब्रिजच्या इंकल स्टुडिओने २०१६ मध्ये सर्वांसाठी खुली केलेली इंक ही भाषा पाहा.

काही गोष्टी आधीच ठरवून घ्या. सात-आठ चौकटींनंतर सर्व वाटा एका प्रसंगात आणा, नाहीतर मुले थकतील. बहीण जिवंत आहे का, होडीवाल्याशी भांडण झाले का, अशा दोन-तीनच नोंदी पुढे न्या, पण त्या प्रत्येक पानावर एखाद्या वाक्यात तरी दिसू द्या. होडीवाल्याची बाजू लिहिणाऱ्या गटाला मधला सामाईक प्रसंग द्या, कारण सर्व वाटा ज्या पानावर येतात ते पान सर्वांत अवघड असते. एकदा मजकूर टाइप झाला की फाइल मला पाठवा. बाण कुठे तुटले आहेत ते मी तपासून देतो. पेटीवाले तयार असतील तर पुराच्या पानाला त्यांची साथही जोडता येईल.

संकेश्वरचा पेटीवाला

मी तयार आहे. बहिणीच्या पानाला आणि होडीवाल्याच्या पानाला वेगवेगळी पट्टी ठेवू. मजकूर आधी वाचायला मिळाला तर बरे होईल.